कुलूप लागले, पण यंत्र खरोखर बंद झाले का?

वाचकांचे प्रश्न

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी यंत्राची वीज, हवेचा दाब, वाफ आणि साठून राहिलेली इतर ऊर्जा तोडून ती कुलूपबंद करण्याच्या पद्धतीविषयी, म्हणजे कारखान्यांत जिला लॉकआउट-टॅगआउट किंवा नुसते ‘लोटो’ म्हणतात तिच्याविषयी, या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. पद्धत कोणती, हे बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. ती प्रत्यक्षात पाळली जाते की नाही हे कसे ओळखावे, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची आणि कारखान्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी पुणे जिल्ह्यातील एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या विभागात, मेंटेनन्स सुपरवायझर आहे. आमच्या एका परदेशी ग्राहकाच्या आग्रहामुळे आम्ही दरवर्षी लोटोची तपासणी करतो. मला छापील यादी दिली जाते. कुलपे आहेत का, टॅग आहेत का, प्रशिक्षण झाले का, अशा प्रत्येक मुद्द्यापुढे मी ‘होय’ लिहितो आणि ते खरेही असते. तरीही माझी माणसे प्रत्यक्ष कामाच्या वेळी सुरक्षित असतात, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तपासणीत नेमके काय पाहावे?

उत्तर : आपल्या यादीत साहित्याची आणि कागदांची तपासणी आहे, काम करणाऱ्या माणसाची आणि यंत्राची नाही. आपल्याला वाटणारी अस्वस्थता तिथूनच येते आणि ती योग्य आहे.

ग्राहकाचा आग्रह ज्या नियमावरून आला असण्याची शक्यता आहे तो अमेरिकेच्या ओशा या सुरक्षा संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम आहे. त्यात वर्षातून किमान एकदा तपासणी सांगितली आहे, परंतु तिच्या अटी वाचल्या तर ती यादी भरण्याची तपासणी नाही हे लगेच कळते. ज्या यंत्राची जी पद्धत तपासायची, ती वापरणाऱ्या माणसाने स्वतःच ती तपासायची नाही. तिची माहिती असलेल्या दुसऱ्या अधिकृत माणसाने तपासायची. कुलूप लावणाऱ्या प्रत्येक कामगाराशी त्याच्या जबाबदारीबद्दल तपासनिसाने बोलायचे. शेवटी कोणते यंत्र, कोणती तारीख, कोणते कामगार आणि कोण तपासनीस हे लिहून ठेवायचे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २४ मध्येही, जो स्विच चुकून ‘बंद’वरून ‘चालू’वर सरकू शकतो तो सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय असलीच पाहिजे, असे म्हटले होते. म्हणजे कुलूप ही केवळ परदेशी ग्राहकाची हौस आहे, असे कोणी आपल्याला म्हणाले तर ते चूक आहे.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येऊ. आधी सांगून ठेवलेले प्रात्यक्षिक पाहू नका. ब्रेकडाऊनचा फोन आला की फिटरच्या मागोमाग जा आणि बाजूला उभे राहा. शक्यतो महिन्यातून एकदा तरी रात्रपाळीत जा. काही सुचवू नका. फक्त एक अपवाद आहे : जिवाला धोका दिसला तर त्या क्षणी काम थांबवा, कारण निरीक्षण पूर्ण व्हावे म्हणून कोणाचा हात पणाला लावण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आपल्या शॉपमधला मेकॅनिकल पॉवर प्रेस घेतला तर त्याला जिवंत करणाऱ्या गोष्टी किती आहेत ते पाहा. मेन मोटारीची वीज तर आहेच. ती तोडल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते आणि तेवढ्या काळात क्लच गुंतला तर रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा जड भाग, पूर्ण जोराने खाली येऊ शकतो. क्लच-ब्रेकला, डायखालच्या (आकार देणाऱ्या साच्याखालच्या) कुशनला आणि रॅमचे वजन तोलणाऱ्या काउंटरबॅलन्स सिलिंडरला हवेचा दाब असतो. रॅम आणि वरची डाय यांचे स्वतःचे वजन असते, आणि गुरुत्वाकर्षणाला स्विच नसतो. म्हणून येथे क्रमाला फार महत्त्व आहे. मोटार बंद करणे, फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहणे, मेन आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) पाडून त्याला कुलूप लावणे, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक देणे आणि त्यानंतरच हवा तोडून उरलेला दाब सोडणे, असा क्रम सर्वसाधारणपणे असतो. आपल्या यंत्राच्या उत्पादकाने वेगळा दिला असेल तर तो पाळावा. ब्लॉक देण्याआधीच हवा सोडली तर रॅम तोलून धरणारा दाब आपणच काढून घेतलेला असतो. आणि सेफ्टी ब्लॉक हा रॅम व डायचे स्थिर वजन पेलण्यासाठी असतो, प्रेसचा चालू फटका पेलण्यासाठी नव्हे. फ्लायव्हील फिरत असताना ब्लॉक सरकवणारा फिटर दिसला तर यादीतले सगळे ‘होय’ त्या एका कृतीने निरर्थक ठरतात.

यानंतरची पायरी म्हणजे चालू करून पाहणे. सगळ्या पद्धतीत मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते आणि सर्वांत जास्त गाळली जाणारीही हीच असते. कुलूप लावले, किल्ली खिशात गेली, पण चुकीच्याच आयसोलेटरला लावले असेल तर? पॅनलवरची लेबले यंत्रे हलवताना, मोटारी बदलताना मागे राहतात. तीन नंबरच्या फीडरवर (पॅनलमधून निघणाऱ्या वीजजोडणीवर) पाच नंबरचे यंत्र चालत असल्याची उदाहरणे या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही नवीन नाहीत. ही चूक उघडकीस आणण्याची संधी फक्त यंत्र चालू करून पाहताना मिळते.

मात्र ते कसे पाहिले, याकडे बारकाईने लक्ष द्या. गार्ड उघडे असताना किंवा इमर्जन्सी स्टॉप दाबलेला असताना बटण दाबले आणि प्रेस हलला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. वीज असती तरीही इंटरलॉकमुळे, म्हणजे गार्ड उघडे असताना यंत्र चालू न देणाऱ्या व्यवस्थेमुळे, तो हललाच नसता. गार्ड बंद, लाइट कर्टन (हात आडवा येताच यंत्र थांबवणारा प्रकाशपडदा) मोकळा, इमर्जन्सी स्टॉप सोडलेला, सिलेक्टर योग्य जागी, आणि मग दोन्ही हातांची बटणे दाबूनही यंत्र निर्जीव राहिले, तर त्या प्रयत्नाला अर्थ आहे. प्रयत्न झाल्यावर सिलेक्टर पुन्हा बंद स्थितीत आणायला हवा. यंत्र आधीच बिघडलेले असेल तर अडचण आणखी वाढते, कारण ते तसेही चालू होणार नसते. अशा वेळी मोटारीच्या टर्मिनलवर योग्य उपकरणाने व्होल्टेज तपासणे आणि हवेच्या गेजवर शून्य पाहणे, हाच पुरावा मानावा.

काम आटोपले की कामगाराशी बोला. ‘तुम्ही कुलूप लावता ना?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर ‘हो साहेब’ हेच येणार. त्याऐवजी ‘हा पाइप आत्ता सैल केला तर काय हलेल?’, ‘या प्रेसला वीज आणखी कुठून येऊ शकते?’, ‘हवा पूर्ण गेली हे तुम्ही कशावरून ठरवले?’ असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. पोलीस तपासायला आला आहे असे त्यांना वाटले तर ते पाठ केलेले बोलतील. कामातला जाणकार समजून घ्यायला आला आहे असे वाटले तर मशीनवर नंतर जोडलेली, कुठल्याच कागदावर नसलेली हवेची लाइन ते स्वतः दाखवतील.

कागदांतूनही खरे काढता येते, पण त्यासाठी दोन कागद शेजारी ठेवावे लागतात. ब्रेकडाऊन रजिस्टर आणि कुलूप नोंदवही एकाच महिन्याची घ्या. ज्या कामांत हात यंत्राच्या आत गेला होता ती पहिल्या वहीतून शोधा आणि त्यांतील किती दुसऱ्या वहीत सापडतात ते मोजा. ही तफावत आपल्या कारखान्याची खरी स्थिती सांगते. कुलपांचा बोर्डही पाहा. रोज वापरलेल्या कुलपावर ग्रीसचे डाग असतात. वर्षभर बोर्डावर चकाकत राहिलेली कुलपे ऑडिटसाठी असतात. एकाच किल्लीने सगळी उघडत असतील, किंवा दुसरी किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर ते कुलूप त्या कामगाराचे राहत नाही.

आणि कोणी कुलूप टाळताना आढळला तर लगेच मेमो देण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा आयसोलेटरसमोर मालाच्या पेट्या रचून ठेवलेल्या असतात, किंवा हँडलला कुलूप बसेल असे भोकच नसते, किंवा उत्पादनाचा माणूस घड्याळ धरून शेजारी उभा असतो. कारण दूर झाले नाही तर मेमो दिलेला माणूस पुढच्या वेळी तेच करील, फक्त आपण दिसत नसताना करील.

प्रश्न : मी पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्यात फिटर आहे. गाळप हंगामात गव्हाणीत (ऊस मिलपर्यंत नेणाऱ्या साखळीच्या वाहकात) किंवा मिलमध्ये चोक झाला की आम्हांला आत उतरावे लागते. वायरमन पॅनलवर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावतो आणि आम्ही काम सुरू करतो. कुलूप मागितले की ‘पाच मिनिटांचे काम आहे, तेवढ्यात गाळप थांबवायचे का?’ असे उत्तर मिळते. पाटी पुरेशी आहे का?

उत्तर : पाटी पुरेशी नाही. पाटी वाचणाऱ्याला सूचना देते, पण हात अडवत नाही. बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) धुळीत आणि ओलसर हवेत ती गळून पडते, रात्री दिसत नाही, आणि पाळी बदलल्यावर आलेल्या माणसाला ती आत्ताची आहे की कालची हे कळत नाही. यार्डात गाड्यांची रांग लागलेली असते, तोडलेला ऊस वाळत असतो, बॉयलर तापलेला असतो. हा ताण खरा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण नेमक्या अशाच घाईत कोणीतरी लांबून ‘चालू कर’ म्हणून हाक मारतो आणि दुसरा कोणीतरी बटण दाबतो.

आपण स्वतः काय तपासावे ते सांगतो. वायरमनने फीडर बंद केला की त्याच्यासोबत पॅनलपर्यंत जा, फीडरचे नाव स्वतः वाचा आणि तिथे आपले स्वतःचे कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. आत चार माणसे उतरणार असतील तर हॅस्प (एकाच जागी अनेक कुलपे लावू देणारी पकड) लावून चार कुलपे लागली पाहिजेत. त्यानंतर गव्हाणीजवळच्या स्थानिक बटणावरून आणि कंट्रोल रूममधून, अशा दोन्ही ठिकाणांहून चालू करून पाहायला लावा, कारण बहुतेक ठिकाणी चालू करण्याच्या जागा दोन किंवा अधिक असतात आणि एक तपासून दुसरी राहून जाते. मोटार ड्राइव्हवर (वेग नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर) चालत असेल तर ड्राइव्हचे ‘स्टॉप’ बटण म्हणजे वीज तुटणे नव्हे. त्याच्या मागचा आयसोलेटर पडला पाहिजे.

वीज गेल्यावर उरते ते साखर कारखान्यात थोडे नसते. चढावर उसाने भरलेली गव्हाण आपल्या वजनाने मागे घसरू शकते, म्हणून साखळी किंवा शाफ्ट अडवून धरलेला असावा. कटर आणि फायब्रायझरचे रोटर जड असतात, बंद केल्यावरही खूप वेळ फिरतात, आणि आवाज थांबला म्हणजे रोटर थांबला असे नाही. तो डोळ्यांनी थांबलेला दिसला पाहिजे आणि मग अडकवून ठेवला पाहिजे. मिलच्या टॉप रोलरवर हायड्रॉलिक दाब असतो आणि तो नायट्रोजन भरलेल्या अॅक्युम्युलेटरमध्ये साठलेला असतो. पंप बंद केल्याने तो जात नाही. रोलरांमध्ये अडकलेला ऊस काढताना रोलर वर उचललेल्या स्थितीत असतो, आणि अडथळा निघताच तो दाबाखाली खाली बसतो. तो दाब सोडून गेज शून्यावर आल्याचे पाहिल्याशिवाय रोलरांमध्ये पहारही घालू नये, हात तर नकोच.

ज्यूस हीटर, पॅन किंवा एखादी टाकी यांच्या आत उतरायचे असेल तर वाफेचा एक व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, कारण जुने व्हॉल्व्ह पासिंग देतात, म्हणजे बंद असूनही गळतात; दुसरा व्हॉल्व्ह किंवा ब्लाइंड प्लेट (पाइप पूर्ण अडवणारी चकती) आणि मधला ड्रेन उघडा हवा. वायू किंवा वाफ साठू शकणाऱ्या अशा जागेत उतरण्यापूर्वी सक्षम व्यक्तीने तपासून लेखी प्रमाणपत्र देण्याची तरतूद कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये होती.

पाच मिनिटांच्या युक्तिवादाबद्दल एवढेच की कुलूप जवळ असेल आणि आयसोलेटर हाताशी असेल तर ते लावायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो कुलूप शोधण्यात आणि पॅनल रूमपर्यंत धावण्यात. म्हणून हंगाम संपल्यावर, ओव्हरहॉलिंगच्या काळात, गव्हाण आणि मिलच्या शेजारी कुलूप लागेल असा आयसोलेटर बसवून घेण्याची लेखी मागणी सुरक्षा समितीमार्फत करा. गंभीर इजा किंवा मृत्यूचा तातडीचा धोका वाटला तर तो मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा कामगाराचा हक्क संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मान्य केला आहे. एकट्याने भांडण्यापेक्षा संबंधित सर्व फिटरांनी मिळून, जागेचे आणि यंत्राचे नाव घालून लिहिलेला अर्ज अधिक परिणामकारक ठरतो.

प्रश्न : मी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स पूर्ण करून नाशिकमधील एका कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागले आहे. आमचे सिनियर दादा टेस्टर लावून दिवा लागला नाही की ‘सप्लाय नाही’ म्हणतात आणि काम सुरू करतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि तुला ही शंका आली याचे मला मनापासून समाधान वाटते. स्क्रूड्रायव्हरसारखा निऑन टेस्टर तुझ्या शरीरातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर पेटतो. तू रबरी मॅटवर उभी असशील, उजेड जास्त असेल किंवा टेस्टरच खराब असेल, तर जिवंत तारेवरही दिवा दिसणार नाही. दिवा लागला तर वीज आहे. न लागल्यास काहीच कळत नाही.

दोन टोकांचा, त्या व्होल्टेजसाठी योग्य असा परीक्षक वापरावा. तो आधी माहीत असलेल्या चालू पुरवठ्यावर लावून चालतो याची खात्री करावी, मग कामाच्या जागी प्रत्येक फेज ते फेज आणि प्रत्येक फेज ते अर्थ मोजावे, आणि शेवटी पुन्हा त्या चालू पुरवठ्यावर लावून पाहावा. शेवटची पायरी नसेल तर मधल्या मोजणीच्या वेळीच उपकरण बंद पडले नव्हते, हे कशावरून ठरवायचे? कोणी हे करत असताना पाहणाऱ्याने तीनही टप्पे झाले का, एवढे मोजले तरी ती चांगली तपासणी होते.

आणखी तीन जागा लक्षात ठेव. ड्राइव्हच्या आतल्या कपॅसिटरमध्ये मेन बंद केल्यावरही डीसी चार्ज उरतो; ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये तो साडेपाचशे व्होल्टच्या वर असतो. कव्हरवर किती मिनिटे थांबावे ते लिहिलेले असते, तेवढे थांबून डीसी टर्मिनलवर मोजूनच हात घालावा. दुसरे, एकाच पॅनलमध्ये कंट्रोल सप्लाय यूपीएसवरून किंवा शेजारच्या पॅनलमधून आलेला असू शकतो. तिसरे, छतावर सौर पॅनेल असतील तर मेन पाडला तरी ऊन आहे तोवर त्यांच्या डीसी तारा जिवंतच असतात. सिनियर दादांना हे सांगताना ‘मला शिकायचे आहे, एकदा दोन टोकांच्या मीटरने दाखवाल का?’ असे विचार. त्यांचा मानही राहील आणि मोजणीही होईल.

प्रश्न : इचलकरंजीत माझे थोडे यंत्रमाग आहेत. एक जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा) आहे, वायरमन बाहेरून येतो. लोटोची पेटी हजारो रुपयांची असते असे ऐकतो. आमच्यासारख्यांना हे कसे परवडावे आणि पाळले जाते की नाही हे मी कसे बघावे?

उत्तर : आपल्याला पेटीची गरज नाही. प्रत्येक मागाच्या लोखंडी मेन स्विचच्या हँडलला बहुधा कुलूप अडकवण्याचे भोक असते. जॉबरच्या नावाचे एक साधे, एकाच किल्लीचे कुलूप आणि त्याच्या कमरेला बांधलेली ती किल्ली एवढ्यावर सुरुवात होते. भोक नसेल तर वायरमनकडून स्विच बदलून घ्यावा. तोवर तिन्ही फ्यूज काढून ते लहान डब्यात कुलूपबंद करावेत. एकच फ्यूज काढणे कधीही मान्य करू नये.

आपल्या धंद्यातली जी सवय मला सर्वांत धोक्याची वाटते ती म्हणजे वीज गेली की लोक मागाखाली शिरून सुताचा गुंता आणि कचरा काढायला लागतात. वीज जाणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. ती केव्हा परत येईल हे आपल्या हातात नसते, आणि व्होल्टेज गेल्यावर आपोआप सुटणारा स्टार्टर नसेल, नुसता स्विच ‘चालू’वर राहिला असेल, तर ती येताक्षणी माग सुरू होतो. तेव्हा आपली तपासणी अगदी सोपी आहे. वीज गेल्यावर शेडमध्ये एक चक्कर मारा आणि ज्या मागाला माणसाचा हात लागला आहे त्याचा स्विच पडलेला आहे का आणि त्यावर कुलूप आहे का ते पाहा. जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विचही त्याच नजरेने पाहा. मागावर काम करण्याआधी तो हाताने फिरवून धोटा आणि तो फेकणारी पिकिंग स्टिक ताण नसलेल्या स्थितीत आणलेली असावी, हे जॉबरला माहीत असेलच. ते तो नवीन पोराला शिकवतो का, हे विचारा.

प्रश्न : कोकणातील एका रासायनिक कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. आमच्याकडे कंत्राटी कामगार खूप आहेत. एकदा रात्रपाळीचा फिटर पंपावर आपले कुलूप तसेच ठेवून घरी गेला. सकाळी उत्पादन विभागाने ते कटरने तोडले. काही झाले नाही, पण मला ते खटकले. आणि पाळी बदलताना व कंत्राटदारांच्या बाबतीत तपासणी कशी करावी?

उत्तर : काही झाले नाही, हे त्या सकाळचे नशीब. ओशाच्या नियमात अशा प्रसंगासाठी स्पष्ट क्रम आहे : तो माणूस आवारात नाही याची खात्री करायची, त्याच्याशी संपर्क साधण्याचा सर्व वाजवी प्रयत्न करायचा, आणि तो पुन्हा कामावर हजर होण्यापूर्वी त्याचे कुलूप काढल्याचे त्याला कळले असल्याची खात्री करायची. आपण यात एवढे जोडा की निर्णय उत्पादन विभागाचा नसावा, यंत्राची प्रत्यक्ष पाहणी झालेली असावी आणि काढणाऱ्याची सही वेळेसह असावी. वर्षभरात किती कुलपे तोडली गेली याची नोंद तपासणीत जरूर पाहा. कटर सहज हाती लागत असेल तर कुलपाचा धाक संपतो.

पाळी बदलताना नियम एकच असावा : येणाऱ्याचे कुलूप लागल्यावरच जाणाऱ्याचे निघेल, आणि दोघे यंत्राजवळ समोरासमोर असतील. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलफलाटावर ६ जुलै १९८८ रोजी झालेल्या दुर्घटनेत १६७ माणसे गेली. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून त्या जागी झाकण बसवले होते. रात्री दुसरा पंप बंद पडला. पहिल्या पंपाच्या दुरुस्तीचा परवाना रात्रपाळीला दिसला, पण व्हॉल्व्ह काढल्याचा परवाना वेगळा होता आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. पहिल्या पंपाची तोडलेली वीज पुन्हा जोडून तो चालू केला गेला आणि त्या झाकणातून वायू बाहेर पडला. म्हणून आपल्या तपासणीत संध्याकाळी परवान्यांची फाइल घेऊन प्लांटमध्ये फिरा आणि प्रत्येक परवान्याचे कुलूप जागेवर शोधा. मग उलट, प्रत्येक कुलपाचा परवाना फाइलमध्ये शोधा. या दुसऱ्या फेरीत जे सापडते ते पहिलीत सापडत नाही.

रासायनिक लाइनवर एकाच व्हॉल्व्हवर विसंबणे किती घातक असते हे टेक्सासमधील पासाडेना येथे २३ ऑक्टोबर १९८९ रोजी दिसले. पॉलिएथिलीन रिअॅक्टरच्या एका नळीत अडकलेला गोळा काढण्याचे काम चालू होते. रिअॅक्टर आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये होता तो एकच बॉल व्हॉल्व्ह, आणि त्याच्या हवेच्या नळ्या उलट जोडलेल्या निघाल्या. बंद करण्याच्या आज्ञेने तो उघडला. सुमारे ४० टन ज्वालाग्राही वायू बाहेर पडला आणि २३ कामगार मृत्युमुखी पडले. कंपनीच्या स्वतःच्या कार्यपद्धतीत दुहेरी अडथळा किंवा ब्लाइंड फ्लँज सांगितला होता, तो त्या कामात वापरला जात नव्हता. तेव्हा ‘व्हॉल्व्ह बंद आहे’ हे पॅनलवरच्या दिव्यावरून मान्य करू नका. ब्लाइंड लागला आहे का, मधला ब्लीड (अडकलेले बाहेर सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) उघडा आहे का, आणि उघडा असून कोरडा आहे का, हे जागेवर पाहा. ब्लीडला झाकण लावलेले असेल तर तो पाहण्यासारखा पुरावाच उरत नाही.

कंत्राटी कामगारांबद्दल मी आग्रहाने सांगतो की मुकादमाचे एक कुलूप दहा जणांसाठी चालवून घेऊ नका. आत जाणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचे कुलूप द्यायचे. जागा कमी पडत असेल तर मुख्य किल्ल्या एका ग्रुप लॉक बॉक्समध्ये ठेवून त्यावर प्रत्येकाने आपले कुलूप लावायचे. गेटवरची आत गेलेल्यांची संख्या आणि बॉक्सवरच्या कुलपांची संख्या जुळवणे ही दोन मिनिटांची तपासणी आहे. त्या कामगारांशी त्यांच्या भाषेत बोला. हिंदी, उडिया किंवा भोजपुरी बोलणाऱ्या माणसाला मराठी-इंग्रजी पाटीसमोर उभे करून त्याची सही घेतली, तर त्याला काय कळले हे आपल्याला समजत नाही. त्याला पंपाजवळ न्या, कुलूप त्याच्या हातात द्या, आणि काम सुरू करण्यापूर्वी तो काय काय करील ते प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.